ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण केव्हा दाबावे आणि केव्हा त्याला हात लावू नये

बेळगावच्या बहुतेक गल्ल्यांत हल्ली दीडशे अश्वशक्तीची एखादी सेडान किंवा टर्बो इंजिनाची छोटी हॅचबॅक उभी दिसते, आणि शनिवारी पहाटे त्यांतल्या बऱ्याच गाड्या जांबोटीमार्गे गोव्याच्या वाटेला लागतात. या गाड्या चालवणाऱ्या तरुणांच्या तोंडून एक समजूत मला वारंवार ऐकू येते, ती अशी की ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे वेग घेताना चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा, बंद केल्याशिवाय गाडीचा खरा पिकअप मिळत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. चाकाखाली डांबर असेल तोवर हे बटण चालूच ठेवावे, मग पाऊस असो वा ऊन. आणि गाडी चिखलात, भुसभुशीत मातीत किंवा वाळूत रुतून जागची हलेनाशी झाली तरच ते बंद करावे, तेही गाडी थांबलेली असताना आणि ती बाहेर निघेपर्यंतच.

ही यंत्रणा एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्याच, सामग्रीवर चालते. प्रत्येक चाकापाशी त्याच्या फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो, आणि इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते ती चाके बाकीच्या चाकांपेक्षा फाजील वेगाने फिरू लागली की टायरची पकड सुटल्याचे गाडीच्या कॉम्प्युटरला कळते. मग तो इंजिनाची ताकद कमी करतो आणि गरज भासल्यास घसरणाऱ्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो, जेणेकरून डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचातून, ताकद पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे जावी. बॉशचे एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत आले, ट्रॅक्शन कंट्रोल १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले आणि गाडी आडवी होण्यापासून सावरणारी ईएसपी, जिला आज आपण ईएससीही म्हणतो, ती १९९५ मध्ये आली. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त वेग वाढवतानाची घसरण पाहते. स्टिअरिंग जिकडे वळवले आहे तिकडेच गाडी जाते आहे की नाही, हे ईएससी पाहते. अनेक गाड्यांत या दोघींचे बटण एकच असते आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

टायरची पकड एका रुपयासारखी धरावी. त्यातले बारा आणे वळण घेण्यात खर्च झाले तर वेग वाढवायला जेमतेम चार आणे उरतात. हिशेब ढोबळ आहे, पण वळणात त्याचा प्रत्यय लगेच येतो. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, सोळाशे आरपीएमच्या सुमारासच हाती येतो, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर पडतो, ज्या चाकांना त्याच वेळी गाडी वळवायचीही असते. शिवाय वेग वाढवताना गाडीचे वजन मागे झुकते, पुढची चाके हलकी होतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूचे चाक तर आणखी हलके होते. पावसात तो रुपयाच आठ-दहा आण्यांचा होतो, आणि त्यात आपण उजव्या पायाने पंधरा आणे मागतो.

गोव्याच्या याच वाटेवरच्या चोर्ला घाटात हे फार स्पष्ट दिसते. जांबोटी सोडली की झाडी दाट होत जाते, कणकुंबीच्या पुढे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबतच नाही, आणि दरडीकडून आलेल्या पाण्याबरोबर तांबड्या मातीचा पातळ थर रस्त्यावर पसरतो. हा थर दिसायला नुसता रंग वाटतो. बोटाने चाचपून पाहिले तर साबणासारखा बुळबुळीत लागतो. गोव्याच्या बाजूच्या केरीकडून वर चढताना एका तीव्र वळणातून बाहेर पडत असता मी दुसऱ्या गिअरमध्ये जरा लवकर रेस दिली, तेव्हा मीटरमधला नागमोडी रेघांचा पिवळा दिवा तीन वेळा लुकलुकला, इंजिन क्षणभर घुसमटल्यासारखे झाले आणि गाडी आपल्या लेनमध्येच राहिली. समोरून मालाने भरलेला ट्रक उतरत होता. बटण बंद असते तर पुढची चाके जागच्या जागी फिरली असती, गाडी वळायची सोडून सरळ त्या ट्रकच्या दिशेने सरकली असती, आणि ते सावरायला मला किती अवकाश होता याचा विचार आजही मनातून जात नाही.

तो लुकलुकणारा दिवा बिघाडाचा नसतो. यंत्रणा या घटकेला काम करते आहे, असा त्याचा अर्थ आहे, आणि चालकाने त्यावर काय करायचे हेही ठरलेले आहे: ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलावा, एकदम सोडू नये, ब्रेकवर पाय आदळू नये, स्टिअरिंग जेवढे आहे तेवढेच धरावे. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत, म्हणजे मस्टँग किंवा बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत, हाच दिवा आणखी गंभीरपणे घ्यावा, कारण तिथे घसरण झाली तर गाडीची शेपूट बाहेर जाते आणि घाटात बाहेरच्या बाजूला दरी असते. एकाच प्रवासात दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल तर आपला वेग त्या रस्त्याला जड होतो आहे, असे समजून वेग उतरवावा.

आपल्याकडे पावसाळा सरला म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असे होत नाही. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट डांबरावर चढतात आणि चाकांना चिकटलेल्या मातीची ढेकळे पुढे बरेच अंतर सांडत जातात. पहाटेच्या दवात ती ढेकळे आणि वरचे पाचट ओले होऊन रस्त्यावर घसरडे पट्टे तयार होतात. कोरड्या रस्त्यावर चाललेल्या गाडीचे एक चाक अचानक अशा पट्ट्यावर येते आणि दुसरे कोरड्या डांबरावर राहते. दोन चाकांखालची पकड अशी वेगळी होते तेव्हा माणसाचा पाय कितीही तयार असला तरी एकाच चाकाला ब्रेक लावणे त्याला शक्य नाही. यंत्रणेला ते शक्य आहे. म्हणून वंटमुरीच्या किंवा तवंदीच्या घाटात, महामार्ग रुंद असला तरी, बटणाला हात लावू नये.

मात्र ट्रॅक्शन कंट्रोल चालू आहे म्हणून पकड वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. वळणात शिरतानाच वेग जास्त असेल तर ती काही करू शकत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागला तर तो रस्त्यापासून सुटलेला असतो, आणि ताकद कमी करण्यापलीकडे तिच्या हाती काही उरत नाही. उतारावरचा वेग तर चालकानेच खालच्या गिअरने आवरायचा असतो.

आता बटण बंद करण्याचा प्रसंग. माझ्या भाच्याने खानापूर तालुक्यातल्या एका जत्रेला जाताना आपली हॅचबॅक शेताच्या कडेला लावली होती. रात्री पाऊस झाला आणि सकाळी निघताना पुढची चाके तांबड्या चिखलात बसली. तो ॲक्सिलरेटर दाबायचा, चाक अर्धा वेढा फिरायचे, दिवा लुकलुकायचा आणि इंजिनाचा जोर निघून जायचा; पुन्हा तेच. शेजारच्या शेतातले एक आजोबा बांधावर उभे राहून पाहत होते, ते म्हणाले, "गाडी रेस घेईना की रे, काहीतरी अडवायलंय तिला." त्यांचे निदान अचूक होते. चिखलात चाक थोडे फिरावेच लागते, म्हणजे नक्षीत भरलेली माती फेकली जाते आणि टायर खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. यंत्रणेला मात्र ते फिरणे घसरण वाटते आणि ती नेमका त्याच क्षणी जोर काढून घेते.

अशा वेळी आधी गाडीतून उतरून पाहावे. गाडीचा तळ मातीला टेकला असेल तर चाक फिरवण्यात अर्थ नाही, आधी माती काढावी लागते. टेकला नसेल तर स्टिअरिंग सरळ करावे, जोर घेणाऱ्या चाकांपुढची माती हाताने किंवा खुरप्याने ओढून उतार करावा, तिथे मुरूम, खडी, पाचट किंवा रिकामे पोते घालावे, आणि मागे-पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण सुटलेला दगड गोळीसारखा येतो. मग गाडी उभी असतानाच बटण दाबावे, मीटरवर बंद असल्याचा दिवा लागला याची खात्री करावी, दुसरा गिअर घालून क्लच सावकाश सोडावा आणि अगदी थोडी रेस द्यावी. गाडी किंचित पुढे जाऊन अडली तर तिला मागे येऊ द्यावे आणि त्याच झोक्यात पुन्हा पुढे घ्यावे. ऑटोमॅटिक गाडीत, विशेषतः ड्युअल क्लच असेल तर, हे प्रयत्न मोजकेच करावेत, मध्ये थांबावे, कारण क्लच लवकर तापतो.

दोन-तीन प्रयत्नांत गाडी हलली नाही तर थांबावे. एक चाक घट्ट जमिनीवर आणि एक हवेत असल्यासारखे फिरत असेल, तर साध्या डिफरन्शियलमुळे ते मोकळे चाक दुप्पट गतीने फिरते. गिअरबॉक्सच्या हिशेबाने गाडी ताशी ३० किलोमीटरने जायला हवी असेल तेव्हा ते चाक ६०च्या गतीने माती खणत असते. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात तर माझा सल्ला सरळ आहे: बटणाशी खेळू नये, ट्रॅक्टर बोलवावा. ती चिकण माती नक्षीत अशी बसते की टायर गोटा होतो आणि चाक जितके फिरेल तितके खाली जाते. ओढण्यासाठीचा हुक बहुधा स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून पिळायचा असतो. काही युरोपियन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, हे घरीच एकदा पाहून ठेवावे.

बटणाचे वागणे प्रत्येक गाडीत वेगळे असते, तेव्हा गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचल्याशिवाय त्याला हात लावू नये. अनेक गाड्यांत एकदा दाबले की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि काही सेकंद दाबून धरले तर ईएससीही बंद होते. चिखलातून निघायला पहिली पायरी पुरते, दुसरी सहसा लागत नाही. काही गाड्यांत स्पोर्ट नावाची मधली पायरी असते, तिच्यात थोडी घसरण चालू देऊन यंत्रणा पाठीशी उभी राहते. एबीएस या बटणाने बंद होत नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की बहुतेक गाड्यांत यंत्रणा आपोआप चालू होते.

ज्यांना गाडीची हद्द अजमावायची खरी हौस आहे, त्यांनी ती कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली भागवावी, आणि तिथेही आधी स्पोर्ट पायरीवर. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी होती, २००१ मध्ये ती उठली आणि २००८ मध्ये पुन्हा आली. तिथले चालक त्याविना गाडी चालवतात हे खरे आहे, परंतु त्यांच्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

टायरकडे दुर्लक्ष केले तर ही सगळी काळजी वाया जाते. एकदा मी एका दुकानातून दोनच टायर बदलून घेतले आणि त्यांनी किंचित वेगळ्या मापाचे बसवले. चाकांचा व्यास बदलल्यामुळे त्यांच्या फिरण्याची गती जुळेना, आणि सरळ कोरड्या रस्त्यावरही दिवा लुकलुकू लागला. चारही टायर गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि हवेचे असावेत. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण चोर्ल्याच्या पावसाला तेवढी पुरत नाही. मी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर पावसाळ्याआधीच बदलतो.

चिखलातून गाडी डांबरावर आली की लगेच वेग घेऊ नये. कडेला थांबून काठीने टायरमधली आणि चाकाच्या आतल्या बाजूची माती खरवडावी, कारण सेन्सर तिथेच असतो. मग बटण पुन्हा दाबावे, बंद असल्याचा दिवा विझला हे डोळ्यांनी पाहावे, आणि पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये दोन-तीनदा हलका ब्रेक लावून ब्रेकच्या डिस्क कोरड्या करून घ्याव्यात. माझा भाचा त्या दिवशी हे विसरला होता. जांबोटीच्या वळणावर मी शेजारी बसून मीटरकडे बोट दाखवले, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली आणि बटण दाबले.