पोरं पेपर का लपवतात आणि आपण काय करायचं

लेकीच्या दप्तरात अगदी तळाशी, वह्यांच्या खाली, गणिताचा पेपर सापडला मला, चार घड्या घातलेला. 20 पैकी 7. मार्कांचं वाईट वाटलंच पण त्या घड्यांचं जास्त वाटलं, कारण आठ दिवस ती तो पेपर रोज शाळेत नेत होती, रोज परत आणत होती आणि मला सांगायची तिची हिंमत होत नव्हती.

तर असा पेपर सापडला की पहिली गोष्ट, त्याच क्षणी बोलू नका. मूल दमलेलं असतं आणि आपण तापलेलो असतो. जेवणं होऊ द्या, मग शेजारी बसून फक्त एवढंच विचारा की "हे सांगायला भीती वाटली का गं?" आणि उत्तर येईपर्यंत खरंच गप्प बसा. "बाकीच्यांना किती पडले" हा प्रश्न तर काढूच नका, त्याने पुढचा पेपरही लपवला जातो एवढंच होतं.

मग मार्क बाजूला ठेवून एकेक चूक बघा. समजलंच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की वेळच पुरला नाही? तिन्हीवर उपाय वेगळे आहेत आणि आपण सरसकट "अभ्यास कर" म्हणतो. आमच्याकडे अपूर्णांकाची सगळी गणितं एकाच पद्धतीने चुकलेली, 1/2 + 1/3 = 2/5, म्हणजे वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. मी कागदाची पट्टी मधोमध दुमडून दाखवली आणि विचारलं, अर्ध्यामध्ये अजून थोडं मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल? ती पट्टीकडे बघत राहिली, मग स्वतःच खोडरबर घेतला. 7 मार्क म्हणजे "गणितात कच्ची" नव्हतं हो, एक गोष्ट समजायची राहिली होती.

अभ्यासाचं म्हणाल तर धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून "आता मला सांग" म्हणा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर हा प्रयोग केला होता, लगेच 5 मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. अडलं की उत्तर लगेच सांगू नका, आठवायला जोर लावू द्या, नाहीच आठवलं तर पुस्तक उघडून बघू दे. आणि एका दिवशी तासभर बसवण्यापेक्षा तीन दिवस 20-20 मिनिटं बरी.

झोपेत मात्र तडजोड करू नका प्लीज. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 च्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं म्हणून त्यांना रात्री लवकर झोप येत नाही, तो आळस नाही. मोबाईल रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, आपलासुद्धा.

शिक्षकांना भेटाल तेव्हा मार्कांसोबत हेही विचारा की मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर असते, कोणी त्रास देतंय का. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखत असेल आणि सुट्टीच्या दिवशी नसेल तर नाटक म्हणू नका, त्याला खरंच दुखत असतं. डॉक्टरांना दाखवा आणि शाळेत काय चाललंय तेही शोधा. दोन आठवडे मूल उदास आहे, आवडीचं काही करत नाही, खाणं-झोप बिघडलंय असं दिसलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. आणि "मला जगायचं नाही" असं काही बोललं तर त्याच दिवशी जा, तोवर त्याला एकटं सोडू नका. त्याला स्पष्ट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कोणाशी तरी बोलायला वाट मिळते.