मोटरचं बेअरिंग बसवताना हातोडा कुठे मारायचा
पाण्याच्या मोटरला घरघर यायला लागली आणि शाफ्ट (मधला फिरणारा दांडा) हाताने वरखाली हलवला की खडखड जाणवतेय, तर बेअरिंग गेलं समजा. आधी मेन स्विच बंद. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच घ्या, ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिमी, ६२०३ म्हणजे १७, आणि ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की झालं. जुनं पुलरनेच (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) काढा, छिन्नी लावू नका.

आता खरी गोष्ट बसवण्याची. बेअरिंग शाफ्टवर टाइट बसतं म्हणून जोर द्यायचा तो फक्त आतल्या रिंगवर, त्या मापाचा पाइपचा तुकडा लावून सरळ हळूहळू ठोकायचं, शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जिथे तो जाड होतो तिथे, टेकेपर्यंत. बाहेरच्या रिंगवर मारलं की सगळा मार गोळ्यांवरून जातो, आत बारीक खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं, मग शिव्या दुकानदाराला. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी कडी) असेल तर खाचेत पूर्ण बसलीय का बघा.

आणि हो, कव्हरमधून तो लाटांसारखा वाकलेला पातळ वॉशर निघतो ना, तो खराब झालाय म्हणून फेकू नका, मुद्दामच तसा असतो. शाफ्ट तापून लांबतो तेव्हा सरकायला जागा देतो, शिवाय बेअरिंगवर हलका दाब ठेवतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, मधेमधे शाफ्ट हाताने फिरवून बघत.