पीटीटी दाबण्याआधी: पॉवर मर्यादेची तयारी

हौशी (हॅम) रेडिओ केंद्रावर पीटीटी, म्हणजे प्रक्षेपण सुरू करणारं बटण, दाबण्याआधी सगळ्यात आधी परवाना समोर ठेवा आणि नियमांची ताजी प्रत मिळवा. आपल्या श्रेणीला किती वॉट चालतात हे पाहताना ते वॉट कुठे मोजायचे हेही बघा, कारण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या कलमात हौशी केंद्रांची कमाल पॉवर ठरवण्याचं काम ज्या त्या देशाच्या प्रशासनावर सोपवलं आहे, तेव्हा दुसऱ्या देशातल्या हॅमने सांगितलेला आकडा आपल्या कामाचा नाही. एका देशातसुद्धा एकच आकडा पाठ करून भागत नाही: अमेरिकेत कमाल मर्यादा १,५०० वॉट पीईपी (शिखर पॉवर) आहे, पण ३० मीटर बँडवर तीच २०० वर येते. म्हणून एका कागदावर बँड, मोड (प्रक्षेपणाची पद्धत) आणि मर्यादा असे रकाने आखा आणि चौथ्या रकान्यात तो आकडा पीईपी आहे, ईआरपी (डायपोल अँटेनाच्या तुलनेत प्रक्षेपित पॉवर) आहे की ईआयआरपी (सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत), ते लिहा. हा चौथा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पीईपी ट्रान्समीटरच्या आउटपुटला मोजतात: मॉड्युलेशनच्या शिखरावर, एका आरएफ आवर्तनातली सरासरी पॉवर. ईआयआरपीत मात्र कोॲक्स केबलमधली घट वजा होते आणि अँटेनाचा गेन (एका दिशेला पॉवर एकवटल्याने होणारी वाढ) मिळवला जातो. ६० मीटर बँडचंच घ्या. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ हा पट्टा दिला, तो साधारणपणे १५ वॉट ईआयआरपीच्या अटीवर. हाफवेव्ह डायपोलचा (अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाचा) गेन २.१५ डीबीआय (त्याच काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतले डेसिबल), म्हणजे १.६४ पट. तेव्हा डायपोलपाशी पोचायला हवेत फक्त ९.१५ वॉट. केबलमध्ये १ डेसिबल जात असेल तर रिगमधून (रेडिओ सेटमधून) साडेअकरा वॉट काढता येतात, त्याहून जास्त नाही. शंभर वॉटचा रिग आहे तसा वापरला, तर मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला हाच हिशोब उलटा होतो. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झवर सर्वसाधारण मर्यादा १ वॉट ईआयआरपी आहे, पण तिथली परवडणारी अँटेना तरंगलांबीच्या मानाने इतकी आखूड असते की बहुतेक पॉवर जमिनीत आणि कॉइलमध्ये जिरते. तो १ वॉट मिळवायला ट्रान्समीटरला दहापट, कधी शंभरपट जोर लावावा लागतो, आणि तो नियमात बसतो. मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. मात्र इथे अंदाजावर जाऊ नका. अँटेनाचा करंट मोजा, रेडिएशन रेझिस्टन्स (अँटेनाच्या रोधाचा प्रक्षेपणात कामी येणारा भाग) काढा आणि आकडेमोड जपून ठेवा.

आता मोजमाप. ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध) जोडा, तोही पूर्ण पॉवर सोसणारा. साधा वॉटमीटर सरासरी दाखवतो आणि एसएसबीवर (आवाजाच्या एका मोडवर) बोलताना काटा पीईपीच्या बराच खाली नाचतो, म्हणून पीक वाचणारा मीटर घ्या किंवा ऑसिलोस्कोप लावा. लोडवर शिखराचा व्होल्टेज १०० आला, तर त्याचा वर्ग भागिले शंभर (५० ओमची दुप्पट), म्हणजे १०० वॉट पीईपी. मीटरची अचूकताही वाचून घ्या. बर्ड ४३ सारख्या नावाजलेल्या मीटरलाही फुल स्केलच्या ५ टक्के इतकी चूक माफ असते. १०० वॉटच्या एलिमेंटवर (मीटरमध्ये बसवायच्या बदलत्या भागावर) ती ५ वॉट होते. त्यावर १० वाचले तर खरे ५ असतील किंवा १५. कमी पॉवर मोजायला कमी क्षमतेचा एलिमेंट हवाच.

रिगची पॉवर वाढवणारा लिनिअर ॲम्प्लिफायर जोडणार असाल तर ड्राइव्ह (रिगकडून त्याला मिळणारी पॉवर) कमी ठेवून एक गोष्ट स्कोपवर नक्की बघा: काही रिग पॉवर कमी केलेली असतानाही पीटीटी दाबताच क्षणभर पूर्ण पॉवरचा झटका देतात, एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सावरेपर्यंत. साध्या काट्याला तो दिसत नाही. एफटी८ सारख्या डिजिटल मोडमध्ये पूर्ण पॉवर सलग चालू राहते, तेव्हा रिग आणि लोड तापण्याचाही विचार करा. माणसं वावरतात त्या जागेपासून अँटेनाचं सुरक्षित अंतर काढून त्याच कागदावर नोंदवा.

मर्यादा गाठलीच पाहिजे असं नाही. त्याच नियमावलीचं १५ वं कलम सांगतं की समाधानकारक संपर्काला लागेल तेवढीच पॉवर प्रक्षेपित करावी, आणि माझ्या मते ही अट कमाल आकड्याइतकीच गांभीर्याने पाळायला हवी. १०० वरून २५ वॉटवर उतरलात तर समोरच्याला एक एस-युनिट (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमी मिळतो, ६ डेसिबल. ५९ चा रिपोर्ट (पहिला अंक स्पष्टतेचा, दुसरा ताकदीचा) ५८ होतो, गप्पा चालूच राहतात. लिनिअर ट्रान्सपाँडरच्या (अनेकांचे सिग्नल एकदम परत पाठवणाऱ्या) उपग्रहावर तर आपला सिग्नल त्याच्या बीकनपेक्षा (खुणेच्या सिग्नलपेक्षा) वर गेला की इतरांच्या वाट्याची पॉवर आपण खातो.

पाहुणा हॅम माइकवर बसणार असेल, तर त्याचाही परवाना पाहून घ्या. काही देशांत केंद्राची मर्यादा नियंत्रण कोणाकडे आहे त्यावर ठरते. स्वतः परदेशी जाऊन सीईपीटीच्या (युरोपातल्या दूरसंचार प्रशासनांच्या संघटनेच्या) टी/आर ६१-०१ या, परदेशात तात्पुरतं प्रक्षेपण करू देणाऱ्या शिफारशीखाली बोलायचं ठरवलं असेल तर तक्ता यजमान देशाच्या नियमांनी नव्याने भरा.