प्रथिन कमी बनलं, पण कारण हेलिकेजच आहे का? तपासण्याची माझी पद्धत

चित्रांमध्ये एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारा रेणू, ताणलेल्या दोरीसारखा सरळ दिसतो. ए, यू, जी आणि सी हे त्याचे चार बेस. खरा रेणू तसा राहत नाही. जीसमोर सी आणि एसमोर यू आला की जोड्या जमतात, रेणू स्वतःवरच दुमडतो आणि हेअरपिन, म्हणजे केसांच्या पिनेसारखी गाठ, तयार होते. प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमचा छोटा घटक, म्हणजे ४०एस, रेणूच्या सुरुवातीच्या टोकावरच्या कॅपपाशी चढतो आणि प्रारंभ कोडॉन, म्हणजे प्रथिन जिथून सुरू होतं ती खूण, सापडेपर्यंत पुढे सरकतो. वाटेत अशी गाठ लागली तर तो अडतो. गाठ सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करणारी प्रथिनं लागतात, ती म्हणजे आरएनए हेलिकेज. प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीला यातलं सर्वांत जास्त काम ईआयएफ४ए करतं.

एखाद्या एमआरएनएपासून प्रथिन कमी बनतंय आणि त्याचा सुरुवातीचा भाग गाठीगाठींचा आहे, एवढ्यावरून हेलिकेजला जबाबदार धरण्याची घाई पुष्कळ जण करतात. मीही केली होती. त्यात माझे चार महिने गेले. तेव्हापासून मी पुढच्या क्रमानेच जाते.

आधी आरएनएंचा संच बनवा. सगळ्यांत लुसिफरेजचं (प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचं; जितका प्रकाश तितकं प्रथिन) जनुक एकच ठेवा, बदल फक्त त्याच्या आधीच्या भागात करा. पहिल्या आरएनएत सीएए हे तीन बेस पुन्हापुन्हा येऊ द्या. तिथे जोडी जमायला जी किंवा यू नसतातच, त्यामुळे हा भाग मोकळा राहतो. दुसऱ्यात कॅपपासून पन्नासेक बेसवर हेअरपिन घाला, तिसऱ्यात तीच हेअरपिन कॅपपासून बारा बेसवर. चौथ्यात हेअरपिनच्या एका बाजूचे बेस असे बदला की लांबी तेवढीच राहील पण जोड्या जमणार नाहीत. पाचवा हिपॅटायटिस सी विषाणूच्या आयआरईएसचा, म्हणजे कॅपशिवाय रायबोसोमला बसू देणाऱ्या आरएनएच्या भागाचा. तिथे ४०एस थेट बसतो, ईआयएफ४ए लागत नाही. त्याला कामाची कॅप न लावता निष्क्रिय ए-कॅप लावा.

हेअरपिनची जागा इतकी महत्त्वाची का, हे संशोधक मेरिलिन कोझॅक यांच्या १९८६ आणि १९८९च्या प्रयोगांवरून कळतं. सुमारे उणे ३० किलोकॅलरीची गाठ (आकडा जितका जास्त उणे, तितकी गाठ घट्ट) कॅपपासून दूर असेल तर सरकणारा ४०एस ती पार करतो. तीच गाठ कॅपला चिकटून असेल तर त्याला चढायलाच जागा मिळत नाही. उणे ५० किंवा त्याहून घट्ट गाठ मात्र दूर असली तरी वाट अडवते. म्हणून मी उणे ३०च्या आसपासची हेअरपिन निवडते. उणे ६०ची घातली तर सगळंच बंद पडतं आणि हेलिकेजबद्दल काहीच समजत नाही.

आता माझी चूक. घट्ट हेअरपिनच्या आरएनएचं प्रमाण मी फक्त प्रकाशशोषणावरून मोजलं, सगळ्या ट्यूबमध्ये सारखं घातलं आणि प्रकाश घसरलेला पाहून आनंदले. फार उशिरा यूरिया जेलवर पाहिलं, तर बराचसा आरएनए आखूड होता. आरएनए बनवणारं टी७ पॉलिमरेज त्या गाठीपाशीच सुटत होतं. लुसिफरेजचं जनुक त्या तुकड्यांत नव्हतंच, मग प्रथिन कुठून येणार? तेव्हा आरएनए बनवला की आधी जेल, आणि तीही बेसच्या जोड्या सोडवणारी. ज्यावरून आरएनए बनतो तो जीवाणूंत वाढवलेला गोल डीएनए, म्हणजे प्लाझ्मिडसुद्धा, दर वेळी नव्याने सिक्वेन्स करून घ्या, कारण असे उलटसुलट तुकडे जीवाणू अधूनमधून गाळून टाकतात.

भाषांतरासाठी, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनवण्यासाठी, सशाच्या रेटिक्युलोसाइटचा (अपक्व लाल रक्तपेशींचा) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, चालतो, पण त्यात पोटॅशियम कमी असेल तर कॅप नसलेला आरएनएही बऱ्यापैकी वाचला जातो. म्हणून आधी पोटॅशियमची पायरीपायरीने वाढती मालिका लावा आणि कॅप असलेल्या व नसलेल्या आरएनएत ठळक फरक दिसेल ती मात्रा निवडा. मॅग्नेशियम मनाने वाढवू नका, त्याने गाठी अधिक घट्ट होतात.

यानंतर ईआयएफ४ए रोखायचं. त्यासाठी मी हिप्पुरिस्टॅनॉल वापरते. हे प्रवाळातून मिळालेलं संयुग ईआयएफ४एला आरएनए धरूच देत नाही. रोकाग्लामाइड सहज मिळतं म्हणून अनेक जण ते घेतात, पण या प्रश्नासाठी ते चुकीचं आहे. ते ईआयएफ४एला ए आणि जी यांच्या सलग पट्ट्यांवर घट्ट अडकवून ठेवतं, हे २०१६मध्ये दाखवलं गेलं. मग गाठ मुळीच नसलेला आरएनएही बंद पडू शकतो. ती घसरण उकल न झाल्यामुळे नसते, वाटेत बसलेल्या ईआयएफ४एमुळे असते.

लायसेटमध्ये आधी संयुग घाला, थोडं थांबा, मगच आरएनए. एकच मात्रा पुरत नाही, निदान सहा घ्या, आणि सोबत तेवढंच डीएमएसओ (संयुग ज्यात विरघळवतात तो द्रव) घातलेली, पण संयुग नसलेली ट्यूब ठेवा. एका वेगळ्या ट्यूबमध्ये आधीच तयार झालेल्या लुसिफरेजमध्ये संयुग घाला. प्रकाश तिथेही कमी झाला तर संयुग लुसिफरेजलाच मारतंय. रीडिंग प्रकाश एकसारखा वाढत असतानाच घ्या, आणि शेवटी आरएनए शाबूत आहे का ते जेलवर बघा.

आकडे वाचताना प्रत्येक आरएनएचं रीडिंग त्याच्याच संयुग नसलेल्या ट्यूबशी ताडा. सीएएवाला आरएनएही पडतो. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा प्रयोग फसला असं वाटलं होतं. पण यीस्टवरच्या कामातून स्पष्ट झालं आहे की ईआयएफ४ए गाठ असो वा नसो, एमआरएनएवर रायबोसोम चढवायला मदत करतं. म्हणून पडतो की नाही यापेक्षा किती मात्रेला पडतो हे बघा. हेअरपिनवाला सीएएपेक्षा बऱ्याच कमी मात्रेला निम्म्यावर आला, बिनजोडीचा चौथा आरएनए सीएएसारखाच वागला आणि पाचवा जवळजवळ हललाच नाही, तर गाठ सोडवण्यासाठी ईआयएफ४ए लागतं असं मी वहीत लिहिते. पाचवाही पडला तर कारण दुसरीकडे आहे. तो पूर्ण संच मी बाजूला ठेवते.

सगळे वक्र एकमेकांवर बसले, तरी तुमच्या आरएनएला हेलिकेज नको असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही फक्त एकच हेलिकेज तपासलं आहे. यीस्टमध्ये लांब आणि गुंतागुंतीच्या सुरुवातीच्या भागांसाठी डेड१ हे दुसरं हेलिकेज अधिक महत्त्वाचं ठरतं, हे २०१५मध्ये रायबोसोम प्रोफायलिंगमधून, म्हणजे रायबोसोम कोणत्या आरएनएवर कुठे बसलेत हे मोजण्याच्या पद्धतीतून, दिसलं. माणसात त्याच्यासारखंच असलेलं प्रथिन म्हणजे डीडीएक्स३. हिप्पुरिस्टॅनॉल कमी मात्रेत त्याला हात लावत नाही. त्यासाठी पेशींमध्ये डीडीएक्स३चं प्रमाण कमी करून त्यांचा लायसेट वापरावा लागतो, आणि मग शुद्ध डीडीएक्स३ परत घालून प्रकाश परततो का ते पाहायचं. सोबत एटीपी तोडू न शकणारं बदललेलं डीडीएक्स३ही घाला. प्रकाश त्यानेही परतला, तर डीडीएक्स३ तिथे गाठ सोडवण्याऐवजी दुसरंच काहीतरी करत आहे.