रानहळद सावलीत लावताय? या चुका टाळा

सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात पानांच्या दाटीतून गुलाबी-जांभळा तुरा काढणारी रानहळद बागेतही येते. गुलाब-शेवंती जिथे रुसून बसतात, ती झाडाखालची जागा तिला मानवते. तरी "पहिल्या वर्षी फुलली, दुसऱ्या वर्षी उगवलीच नाही" ही तक्रार ठरलेली. गफलत बहुतेक वेळा हिवाळ्यात झालेली असते, रोप दिसत नसताना.

माझीही तेव्हाच झाली. ऑक्टोबरअखेर पानं पिवळी पडायला लागली, म्हणून मी पाणी वाढवलं. पानं आणखी मलूल झाली, मग मूठभर खत टाकलं. डिसेंबरात वर काही उरलं नव्हतं, तरी रोज तांब्याभर पाणी चालूच. मार्चमध्ये कुंडी उपडी केली, तर कंदाच्या जागी तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचा लगदा.

रानहळद मातीच्या वर असते ती पाच-सहा महिनेच. पहिल्या पावसाबरोबर कोंब, जुलै ते सप्टेंबर तुरे, पाऊस ओसरला की पानं वाळतात. त्यामुळे पानं पिवळी पडली की पाणी कमी करायचं, वाळली की बंद. कुंडी जूनपर्यंत कोरड्या सावलीत सरकवून ठेवायची. शंका वाटली तर माती जराशी उकरून कंद बोटाने दाबून बघा. टणक लागला आणि नखाने खरवडल्यावर हळदीसारखा वास आला, तर माती पुन्हा लोटून निमूट निघून जा.

रोप जमिनीत लावलं असेल तर तिथे काठी रोवून खूण करा. नाहीतर मे महिन्यात रिकामी जागा समजून तिथे आपणच कुदळ घालतो. आणि पानं हिरवी असताना वाफा नीटनेटका दिसावा म्हणून ती कापू नका. पुढच्या वर्षीचा साठा ती पानंच करत असतात.

लागवडीतली एक चूक फार जणांना कळतच नाही. रोप उकरलं की मुळांच्या टोकांना पांढरट, टपोऱ्या गाठी लोंबताना दिसतात. ते कंदच वाटतात आणि लोक तेच वेगळे करून लावतात. पण त्यांत नुसता साठा असतो, डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नसतो. एकटी गाठ कितीही दिवस मातीत ठेवा, फुटणार नाही. डोळे असतात ते खोडाच्या बुडाशी असलेल्या छोट्याशा कंदाला. तो गाठींसकट, डोळा वर करून, दोनेक इंच खोल लावायचा. फुटवे वेगळे करायचे तेही मे महिन्यात, कंद निजलेला असताना. फुललेलं रोप रानातून उपटून आणलं की या गाठी तुटून तिथेच राहतात, रानातलं एक रोप जातं आणि घरी आणलेलंही बहुधा जगत नाही. कंद ओळखीच्या बागेतून किंवा स्वतः रोपं वाढवणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या.

पानं लांबलचक पण तुरा नाही? सावली जास्त गच्च झाली. रानहळद वाढते रानाच्या कडेला, उतारावर, जिथे पानांतून ऊन झिरपतं. वरच्या दोन फांद्या विरळ करा. नत्राचं खत जास्त झालं तरी नुसतीच पानं माजतात. कुजलेला पालापाचोळा तिला पुरतो.

उतारावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घाटात पाऊस धो धो पडतो, पण तिच्या बुडाशी पाणी थांबत नाही. चिकण मातीत जाडी वाळू मिसळा, वाफा वीतभर उंच करा. भर पावसात पानं अकाली पिवळी पडली आणि खोड ओढताच हातात आलं, तर ती कंदकूज. सडलेला भाग काढून उरलेला कंद कोरड्या जागी हलवा.

तुऱ्यातली छोटी पिवळी फुलं एकेका दिवसात कोमेजतात, म्हणून तुरा छाटू नका. वरचा रंग पाकळ्यांचा नसतोच, रंगीत पानांचा असतो आणि तो बरेच दिवस टिकतो.

मधलं पान वाळलं आणि खोडाला भोक दिसलं तर खोडकिडा आहे. तो फुटवा भोकाच्या खालून कापून टाका. पानाची कड दुमडून चिकटवलेली असेल तर उलगडून बघा, आत काळ्या डोक्याची फिकट हिरवी अळी सापडेल. तिचं पुढे पंखांवर पांढरा ठिपका असलेलं गडद तपकिरी फुलपाखरू होतं. रोप दांडगं असेल तर मी तिला राहू देतो.