फोन-इंटरनेटच्या खर्चातील या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत एक चूक मला वारंवार दिसते आणि दर वेळी तितकीच चीड आणते, ती म्हणजे कंपनीचा मोबाइल नंबर कामगाराच्या नावावर घेणे. कंपनीच्या नावाने जोडणी घ्यायची तर अधिकारपत्र आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्याची केवायसी लागते. तेवढ्याचाही कंटाळा करून मालक "तुझ्या आधारवर घे, पैसे मी भरतो" असे सांगून मोकळे होतात. अंबडमधील एका कारखान्यात असे सिम स्टोअर सांभाळणाऱ्या मुलाच्या नावावर होते आणि तोच नंबर बँकेत, ग्राहकांकडे व जीएसटी पोर्टलवरही नोंदवलेला होता. पुढे थकलेल्या पगारावरून वाद होऊन मुलगा सिन्नरला दुसरीकडे लागला, आणि २० तारखेला विवरणपत्र भरताना ओटीपी त्याच्या खिशात वाजला. मालकांनी मोबाइल कंपनीच्या दुकानात बराच आरडाओरडा केला. पण नोंदीनुसार ग्राहक तो मुलगाच होता. थकलेला पगार चुकता झाल्यावरच नंबर हस्तांतरित झाला, आणि त्यात त्या मुलाचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मी हिशेबनीसाच्या टेबलावर एक साधी वही ठेवायला लावतो. तीत नंबर, वापरणारा, प्लॅन आणि कराराची मुदत लिहायची, दर महिन्याचे बिल तिच्याशी ताडून पाहायचे आणि सिम परत आल्याशिवाय कोणाचाही अंतिम हिशेब करायचा नाही.

बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नसेल, तर १८ टक्के कराची वजावट मिळत नाही.

दोन कंपन्यांचे इंटरनेट घेतले म्हणजे निर्धास्त झालो, हाही भ्रमच आहे. दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणले जात असलेल्या या शहरात त्या एकदमच तुटतात. म्हणून सही करण्यापूर्वी केबलचा मार्ग स्वतः चालत जाऊन पाहावा.

स्वस्त प्लॅन दिसताच पोर्टिंगसाठी १९०० वर संदेश पाठवणाऱ्या उतावळ्यांनी आधी थकबाकी भरावी, अन्यथा विनंती फेटाळली जाते. द्राक्ष निर्यातदारांनी रॉटरडॅमच्या विमानात बसण्यापूर्वी रोमिंग पॅक घ्यावा.

लाइनमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली असे समजू नये. सेवाकेंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण तो नसेल तर कंपनीच्या अपील प्राधिकरणापुढे जाता येत नाही आणि बंद दिवसांचे भाडे परत मागण्यासही आधार राहत नाही.