सॉलिडवर्क्सच्या एपीआयमधून झटपट सॉलिड मॉडेलिंग कसे करावे

समजा, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ४०० बाय ३०० मिमीच्या, १० मिमी जाड प्लेटला २०० भोके पाडायची आहेत. त्यासाठी मॅक्रो (काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहिताना बहुतेक जण हाताने करतात तेच कोडमध्ये उतरवतात: स्केच, वर्तुळ, कट-एक्स्ट्रूड, पुन्हा स्केच. प्रत्येक फीचरमागे फीचर ट्रीत (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) नोंद होते, मॉडेल रीबिल्ड होते म्हणजे नव्याने मोजले जाते, स्क्रीन नव्याने काढली जाते. वेळ जातो तो मुख्यतः यात. पॅरासॉलिड कर्नलला, म्हणजे भूमितीची आकडेमोड करणाऱ्या गाभ्याला, नुसते कापायला त्यामानाने थोडाच वेळ लागतो. म्हणून भूमितीचे सगळे काम मेमरीतल्या तात्पुरत्या बॉडीवर (घन आकारावर) उरका आणि फीचर ट्रीला शेवटी एकदाच हात लावा.

आधी एकके बघा. फाइल मिलिमीटरमध्ये असली तरी एपीआयला (कोडमधून सॉफ्टवेअरला आज्ञा देण्याच्या सोयीला) लांबी मीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये लागतो.

अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्टवर ‘गेटमॉडेलर’ चालवून मॉडेलर, म्हणजे तात्पुरत्या बॉडी बनवणारा ऑब्जेक्ट, मिळवा. ‘क्रिएटबॉडीफ्रॉमबॉक्स३’ला नऊ आकड्यांचा अ‍ॅरे (क्रमवार यादी) द्यायचा: एका फेसचा (पृष्ठभागाचा) मध्यबिंदू, अक्षाची दिशा, मग रुंदी, लांबी, उंची. आपल्या प्लेटसाठी ०, ०, ०, ०, ०, १, ०.४, ०.३, ०.०१. भोकाच्या आकाराचा सिलिंडर बनवणाऱ्या ‘क्रिएटबॉडीफ्रॉमसिल’ला आठ पुरतात: मध्यबिंदू, दिशा, त्रिज्या, उंची. सिलिंडर मात्र बरोबर १० मिमीचा करू नका. त्याचे आणि प्लेटचे फेस एकाच पातळीत आले की बुलियन (एका बॉडीतून दुसरी कापण्याची किंवा जोडण्याची क्रिया) अडखळण्याची शक्यता वाढते. झेड -०.००१ पासून सुरू करा, उंची ०.०१२ ठेवा, दोन्ही बाजूंना १ मिमी बाहेर राहील.

आता प्लेटवर ‘ऑपरेशन्स२’ चालवा, कट हा प्रकार आणि सिलिंडर देऊन. उत्तरात एक बॉडी नव्हे, बॉडींचा अ‍ॅरे येतो, कारण कापल्यावर तुकडे होऊ शकतात. एरर कोड आणि अ‍ॅरेची लांबी प्रत्येक वेळी तपासा. ऑपरेशननंतर मूळ बॉडी वापरण्याजोग्या राहत नाहीत, तेव्हा जी पुन्हा लागणार तिची आधीच ‘कॉपी’ घ्या. पार्टमधल्या खऱ्या बॉडीवर हे चालतच नाही. तिथे कॉपी घ्यावीच लागते.

पण सगळ्यात वेगवान बुलियन म्हणजे न केलेले बुलियन. सपाट प्लेटमधल्या आरपार भोकांसाठी कापायची गरजच नाही. एक समतल सरफेस घ्या, बाहेरची कडा आणि २०० वर्तुळे कर्व्ह म्हणून एकाच अ‍ॅरेत भरा, दर दोन लूपच्या (बंद कडांच्या) मध्ये नल (रिकामी किंमत) ठेवा आणि ‘क्रिएटट्रिम्डशीट४’ने शीट (जाडी नसलेली बॉडी) बनवा. ‘क्रिएटएक्स्ट्रूडेडबॉडी’ने ती १० मिमी उचलली की भोकांसकट प्लेट तयार, एकही कट न करता. मी तरी आधी हाच मार्ग शक्य आहे का ते बघतो.

दोन भाग एकमेकांत घुसतात का हे तपासतानाही तोच विचार करा. ‘गेटबॉडीबॉक्स’ने दोन्हींच्या ढोबळ चौकटी घ्या, त्या स्पष्ट अंतरावर असतील तर ती जोडी सोडून पुढे जा. उरलेल्या जोड्यांच्याच कॉपींवर इंटरसेक्ट (सामाईक भाग काढणारे ऑपरेशन) चालवा.

निकाल पार्टमध्ये आणायला ‘क्रिएटफीचरफ्रॉमबॉडी३’ आहे. त्यातून येणाऱ्या बॉडीला स्केच किंवा इतिहास नसतो. भोकाचा व्यास नंतर बदलता येत नाही. बदल होणारच असतील तर मॅक्रो फीचर लिहा: रीबिल्डच्या वेळी तुमचा कोड चालतो आणि ताजी तात्पुरती बॉडी परत देतो. मेहनत जास्त, पण डिझाइन जिवंत राहते.

नेहमीची फीचर्सच हवी असतील, तर व्ह्यूचे ‘एनेबलग्राफिक्सअपडेट’ आणि फीचर मॅनेजरचे ‘एनेबलफीचरट्री’ फॉल्स करा, स्केच काढताना ‘अ‍ॅडटूडीबी’ ट्रू ठेवा. ही सगळी पूर्ववत करणाऱ्या ओळी फायनली ब्लॉकमध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) लिहा, नाहीतर मधेच एरर आली की वापरणाऱ्यासमोर गोठलेली स्क्रीन राहते. आणि हजारो कॉल होणार असतील तर वेगळी ईएक्सई (स्वतंत्र प्रोग्राम) न करता अ‍ॅड-इन (सॉलिडवर्क्समध्येच जोडला जाणारा प्रोग्राम) करा; सॉलिडवर्क्सच्याच प्रोसेसमध्ये चालल्याने प्रत्येक कॉलला प्रोसेसची हद्द ओलांडावी लागत नाही.